घरच्या जळणासाठी पेट्रोलवरचा लॉग स्प्लिटर: कोणता घ्यावा, कसा सांभाळावा?

पाचोळा (८ सप्टेंबर)

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू हॅम्पशायरच्या नैऋत्य कोपऱ्यात, कीनजवळ राहतो. घर जुनं आहे. तळघरात ऑइलचा बॉयलर, दिवाणखान्यात लाकडाचा स्टोव्ह. पहिल्या हिवाळ्यातलं ऑइलचं बिल पाहिलं आणि स्टोव्ह नेमाने पेटवायला सुरुवात केली. आता वर्षाला साधारण चार कॉर्ड लाकूड लागतं. (कॉर्ड म्हणजे चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब रचलेली रास; १२८ घनफूट.)

आजवर बहुतेक सगळं लाकूड नवरा आणि मी आठ पौंडी मॉलने (घणासारख्या जड कुऱ्हाडीने) फोडत होतो. यंदा त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं, आणि घाव घालणं कायमचं बंद करा असं डॉक्टरांनी सांगितलं. नेमके याच वर्षी वादळात दोन मोठे रेड ओक पडले. शिवाय किडीने मेलेले चार ॲश पाडून घ्यावे लागले. सगळ्याचे १६ इंची ओंडके कापून अंगणात पडलेत. ओकच्या बुंध्याचे ओंडके ३० इंच व्यासाचे आहेत, ते मला जागचे हलवतासुद्धा येत नाहीत.

गेल्या वर्षी दोन दिवस भाड्याने लॉग स्प्लिटर, म्हणजे ओंडके फोडायचं यंत्र, आणलं होतं. पहिला अर्धा दिवस ते सुरूच झालं नाही. म्हणून आता विकतच घ्यायचं ठरवतोय. दुकानात २२ टन, २७ टन, ३७ टन असे आकडे लिहिलेले असतात. माझ्या लाकडाला किती टन पुरतील? आणि वर्षातून पंधरा-वीस दिवस चालणारं यंत्र उरलेले दहा-अकरा महिने कसं ठेवायचं? इंजिनाची मला भीती वाटत नाही, पण माहितीही नाही. सविस्तर सांगाल तर फार मदत होईल.

(इथे याला 'गॅस पॉवर्ड' म्हणतात. भारतातल्या वाचकांना सिलिंडर डोळ्यांसमोर येऊ नये म्हणून शीर्षकात पेट्रोल लिहिलंय.)

वखारवाला (८ सप्टेंबर)

पाचोळाताई, आधी तो टनांचा आकडा बाजूला ठेवा. यंत्राच्या अंगावर तो सगळ्यांत मोठ्या अक्षरांत असतो आणि सगळ्यांत कमी भरवशाचा असतो.

जोर येतो तो सिलिंडरच्या आतल्या व्यासातून आणि तेलाच्या दाबातून. घरगुती यंत्रांचा दाब बहुधा ३००० पीएसआयच्या (दर चौरस इंचावर इतके पौंड) आसपास असतो. चार इंची सिलिंडरच्या दट्ट्याचं क्षेत्रफळ १२.५७ चौरस इंच. त्याला ३००० ने गुणा, आले ३७,७०० पौंड. इथला टन २००० पौंडांचा, म्हणजे पावणेएकोणीस टन. साडेचार इंचीला जवळपास २४ टन, पाच इंचीला साडेएकोणतीस टन. आता चार इंची सिलिंडरवर कोणी '२७ टन' लिहिलं असेल तर त्याला ४३०० पीएसआय दाब लागेल, आणि या यंत्रांचे पंप त्यासाठी बनवलेले नसतात. म्हणून मॅन्युअल मागा आणि त्यात 'बोअर', म्हणजे हा आतला व्यास, शोधा. दुकानात बाहेरून टेप लावून मोजू नका, बाहेरचा व्यास जास्त भरतो.

आता चांगली बातमी. सरळ वाढलेल्या रेड ओक आणि ॲशला खरे १५ टनसुद्धा खूप झाले. ही दोन्ही लाकडं मनाने फुटणारी आहेत. जोर लागतो तो एल्म, गाठाळ मेपल आणि फांदी फुटलेल्या बेचक्याला.

दुसरा बघायचा आकडा पंपाचा. चार इंची सिलिंडर, २४ इंचांची धाव, म्हणजे पूर्ण बाहेर यायला त्याला १.३ गॅलन तेल लागतं. पंप मिनिटाला ११ गॅलनचा असेल तर सात सेकंदांत दट्ट्या टोकाला जातो. त्याच पंपावर पाच इंची सिलिंडर लावलं तर अकरा सेकंद. एका दिवसात तुम्ही लिव्हर शेकडो वेळा ओढणार आहात, तिथे हे चार सेकंद जाणवतात. मोठं सिलिंडर हवंच असेल तर १६ गॅलनचा पंप आणि त्याला ओढणारं मोठं इंजिन घ्यावं लागतं, मग किंमत आणि वजन दोन्ही वाढतात.

हे पंप दोन टप्प्यांचे असतात. पाचर लाकडाला टेकेपर्यंत भरपूर तेल, कमी दाब. लाकडाने अडवलं की पंप आपोआप दुसऱ्या टप्प्यात जातो. तेल मिनिटाला तीन गॅलनच्या आसपास उतरतं आणि दाब चढतो. तेव्हा इंजिनाचा आवाज बदलतो आणि पाचर एकदम हळू होते. यंत्र बिघडलं असं समजू नका.

अमरावतीला आमची लाकडाची वखार होती. बाभळीची खोडं फोडणारे गडी आधी ओंडक्याभोवती एक फेरी मारायचे. भेग कुठे आहे, गाठ कुठे आहे बघायचे आणि मगच पाचर ठोकायचे. यंत्रावरही तेच करा. भेगेवर पाचर धरा, गाठ बाजूला ठेवा. मोठा ओंडका मधोमध फोडण्यापेक्षा कडेकडेने ढलपे काढत आत जा.

सह्याद्रीकर_मिशिगन (९ सप्टेंबर)

वखारवाल्यांचं गणित बरोबर आहे, पण हायड्रॉलिकशिवाय दुसरा प्रकारही आहे. चक्राचा, म्हणजे कायनेटिक. इंजिन दोन जड चक्रं फिरवत ठेवतं. लिव्हर दाबला की दातेरी पट्टी पिनियनला, म्हणजे छोट्या दातेरी चाकाला, भिडते आणि चक्रांतली सगळी ताकद एका दणक्यात लाकडात जाते. दोन-तीन सेकंदांत काम. हायड्रॉलिक तेल नाही, होज (तेलाच्या नळ्या) नाहीत, गळती नाही. मी सहा वर्षं वापरतोय, ॲशच्या राशी भराभर उतरतात. (ॲशची ती कीड, एमराल्ड ॲश बोरर, अमेरिकेत पहिल्यांदा आमच्याच मिशिगनमध्ये २००२ साली सापडली. आमच्या गल्लीत आता एकही ॲश उभा नाही.)

वखारवाला (९ सप्टेंबर)

सह्याद्रीकर, तुमच्या यंत्राची चपळाई मान्य. पण ताईंचे ओंडके बघा. हिरवा रेड ओक घनफुटाला ६३ पौंडांच्या घरात भरतो. ३० इंच व्यास, १६ इंच लांबी म्हणजे साडेसहा घनफूट. एक ओंडका चारशे पौंडांच्या वर! तो कंबरेएवढ्या उंचीच्या बीमवर (ओंडका ठेवायच्या लोखंडी तुळईवर) चढवणार कोण? खांद्याचं ऑपरेशन झालेला माणूस? त्यांना बीम उभा करता येणारंच यंत्र हवं. ओंडका जमिनीवरच लोळवत पाचरीखाली आणायचा, चार तुकडे करायचे, मग बीम आडवा करून बाकीचं फोडायचं. कायनेटिक यंत्रं आडवी चालतात.

सह्याद्रीकर_मिशिगन (९ सप्टेंबर)

हे पटलं. माझे ओंडके १४-१५ इंचांच्या वर क्वचित असतात, त्यामुळे हा विचारच केला नव्हता. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर एल्मच्या दोरखंडासारख्या धाग्यांत माझं यंत्र अडकतं, परत मागे घेऊन दोन-तीनदा मारावं लागतं. पाचोळा, तुम्ही उभा-आडवा हायड्रॉलिकच घ्या.

रानजाई (१० सप्टेंबर)

इलेक्ट्रिक कोणी सुचवला नाही म्हणून लिहिते. माझ्याकडे पाच टनी आहे, साध्या प्लगवर चालतो, गॅरेजमध्ये बसून फोडता येतं, धूर नाही. दहा इंचांपर्यंतच्या सरळ बर्च-मेपलला उत्तम. तुमच्या ओकला मात्र पुरणार नाही.

एक विचारायचं होतं. खरंच परवडतं का हे सगळं? आम्ही कनेक्टिकटमध्ये आहोत. २०११ च्या ऑक्टोबरअखेरीस झाडांवर पानं असतानाच जड बर्फ पडला आणि आमची वीज आठ दिवस गेली, तेव्हापासून लाकूड ठेवतो. पण पैशांचा हिशेब कधी केला नाही.

वंगण (१० सप्टेंबर)

रानजाई, ढोबळ हिशेब असा. एक कॉर्ड सुका रेड ओक म्हणजे साधारण २ कोटी ४० लाख बीटीयू (उष्णता मोजायचं इथलं एकक). हीटिंग ऑइलच्या गॅलनमध्ये १,३८,५०० बीटीयू. स्टोव्ह ७० टक्के कार्यक्षम आणि बॉयलर ८५ टक्के धरला तर एक कॉर्ड साधारण १४० गॅलन ऑइलचं काम करतो. चार कॉर्ड म्हणजे ५६० गॅलन. आपल्या भागातल्या ऑइलच्या भावाने गुणून बघा. लाकूड स्वतःच्या अंगणातलं असेल तर यंत्राची किंमत लवकर वसूल होते. 'सुका' हा शब्द मात्र विसरू नका.

आता पाचोळाताईंचा दुसरा प्रश्न, देखभालीचा. मी कोल्हापूरला एमआयडीसीत हायड्रॉलिक प्रेसवर अकरा वर्षं काम केलं, आता ऑन्टारियोत आहे. हा माझा रोजचा विषय, त्यामुळे लांबलचक लिहितोय.

सगळ्यात आधी पेट्रोल. ही यंत्रं झिजून क्वचित मरतात, उभी राहून मरतात. पंपावरच्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं. महिने गेले की पेट्रोल शिळं होतं आणि कार्ब्युरेटरच्या केसाएवढ्या बारीक जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या भोकात) चिकट थर बसतो. तुमचं भाड्याचं यंत्र सुरू झालं नाही, त्यामागे बहुतेक हेच असणार. नव्या पेट्रोलच्या कॅनमध्ये पहिल्याच दिवशी स्टॅबिलायझर घाला. काम संपलं आणि महिनाभर यंत्र लागणार नसेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपणहून विझेपर्यंत चालू द्या, मग कार्ब्युरेटरच्या वाटीचा स्क्रू सैल करून उरलेले थेंब काढा. ई-१५ (पंधरा टक्के इथेनॉल) लिहिलेलं पेट्रोल या इंजिनांत कधीही घालू नका.

इंजिन ऑइल. या छोट्या इंजिनांना बहुधा ऑइल फिल्टर नसतो. नव्या इंजिनातून सुटलेला धातूचा बारीक कीस तेलातच फिरत राहतो, म्हणून पहिलं ऑइल लवकर बदलायचं. काही कंपन्या पाच तासांनी सांगतात, काही वीस तासांनी. मॅन्युअल बघा आणि पाळा. तेल लागतं अर्ध्या-पाऊण लिटरच्या आत, त्यात कंजुषी नको. पेट्रोलच्या टाकीजवळ चिकटपट्टी लावून तास लिहीत जा.

हायड्रॉलिक तेल. आपल्या थंडीत एडब्ल्यू-३२ घ्या, ४६ नंबर उन्हाळ्यात फोडणाऱ्यांसाठी (नंबर जितका मोठा, तितकं तेल घट्ट). पंप इंजिनाच्या शाफ्टला थेट जोडलेला असतो, मध्ये क्लच नाही. त्यामुळे गारठलेलं घट्ट तेल असेल तर दोरी ओढताना तुम्ही पंपही ओढत असता. सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटं रिकामं चालवा, दट्ट्या दोन-चारदा आतबाहेर करा, मगच लाकूड लावा. तेलाची पातळी दट्ट्या पूर्ण आत असताना बघायची. तेल दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, फेस आला तर पंप कुठूनतरी हवा ओढतोय. पहिला फिल्टर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या तासांना बदलाच.

ठेवताना दट्ट्या आत घेऊनच ठेवा. बाहेर राहिलेल्या चकचकीत दांड्याला गंज धरला तर तो खरखरीत भाग पुढच्या वर्षी सील फाडतो. वरून ताडपत्री गच्च गुंडाळू नका, आत दव साचतं. आणि वसंतात पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी एअर फिल्टरचं झाकण उघडून बघा, उंदरांना ती जागा फार आवडते.

दाब मर्यादेत ठेवणारा रिलीफ व्हॉल्व्ह पिळून 'अजून थोडा जोर' काढायला कोणी सांगितलं तर ऐकू नका.

शेवटचं, आणि हे मी सगळ्यांना हात जोडून सांगतो. होजमधून तेल गळतंय असं वाटलं तर हात लावून बघू नका. सुईएवढ्या भोकातून ३००० पीएसआयने निघालेलं तेल दिसत नाही, पण हातमोजा आणि कातडी भेदून आत जातं. आमच्या कारखान्यात एका सहकाऱ्याला असं झालं. बोटावर फक्त एक ठिपका होता, दुखतही नव्हतं, म्हणून तो पाळी संपेपर्यंत काम करत राहिला. रात्री हात कोपरापर्यंत सुजला. बोट गेलं. इंजिन बंद करा, लिव्हर दोन्हीकडे हलवून दाब सोडा, मग पाना लावा. चालू यंत्रावर गळती शोधायचीच असेल तर लांब पुठ्ठा धरा, त्यावर डाग उमटतो. आणि तरीही तेल टोचलं गेलं तर त्याच क्षणी इमर्जन्सीत जा आणि 'हायड्रॉलिक तेल आत गेलंय' हे शब्द सांगा. जखम बाहेरून क्षुल्लक दिसते, तिला लगेच शस्त्रक्रिया लागते.

पाचोळा (११ सप्टेंबर)

वंगणदादा, तुमचा प्रतिसाद छापून गॅरेजच्या भिंतीवर लावला.

एक कबूल करते. गेल्या वर्षी भाड्याच्या यंत्रावर मी ओंडका धरायचे आणि नवरा लिव्हर चालवायचा. लवकर होतं म्हणून.

वंगण (११ सप्टेंबर)

ताई, ते बंद करा. बोटं जाण्याच्या गोष्टी याच पद्धतीतून घडतात. ज्याचे हात लाकडाला, त्याच्याच हातात लिव्हर. दुसऱ्याने फुटलेली लाकडं उचलायची, तीही पाचर मागे गेल्यावर. ढिल्या बाह्यांचे कपडे नकोत, चष्मा हवा, पुढून मजबूत असलेले बूट हवेत. आणि यंत्र नेहमी बाहेर, गॅरेजचं दार उघडं असलं तरी आत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

वखारवाला (११ सप्टेंबर)

वंगण 'सुका' म्हणाले त्यावर दोन शब्द. ताई, हा ओक या हिवाळ्यात जाळायचा नाही. पुढच्याही नाही. फोडलेल्या रेड ओकला किमान दोन उन्हाळे लागतात. ओल २० टक्क्यांच्या खाली आली पाहिजे. मीटर स्वस्तात मिळतो. पण ढलपी पुन्हा फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचा, बाहेरून टोचलं तर खोटा आकडा येतो. उभ्या जागी वाळलेला ॲश पुष्कळ आधी तयार होतो, या वर्षी तोच तपासून वापरा.

ओलं लाकूड जाळलं की बरीच आच पाणी उकळण्यात जाते, आणि गार धूर धुराड्यात क्रिओसोट (डांबरासारखा पेट घेणारा थर) होऊन चिकटतो. धुराड्याला आग लागते ती त्यामुळे. वर्षातून एकदा धुराडं तपासून घ्याच.

रचताना खाली पॅलेट, वर फक्त माथ्यावर पत्रा किंवा ताडपत्री. बाजू उघड्या. वारा आरपार गेला पाहिजे. आणि हा ॲश कुणा मित्राला दूरच्या कॅम्पिंगला देऊ नका, कीड त्याच वाटेने गावोगाव पोहोचली.

रानजाई (१२ सप्टेंबर)

आजीकडे नाशकात तांब्याचा बंब होता. पावसाळ्याआधी ढलप्या माळ्यावर जायच्या आणि सकाळी ओल्या ढलपीचा धूर झाला की आजोबा वखारवाल्याला बोल लावायचे. मला वाटायचं लाकूडच वाईट असेल. आता कळलं, त्याला वेळ मिळालेला नसायचा.

पाचोळा (३० सप्टेंबर)

घेतलं! चार इंची सिलिंडर, ११ गॅलनचा पंप, १९६ सीसी इंजिन, बीम उभा-आडवा. अंगावर '२५ टन' लिहिलंय. मॅन्युअलमध्ये बोअर बघून दुकानदाराला वखारवाल्यांचं गणित करून दाखवलं, त्याने निमूटपणे मान डोलावली. चारशे पौंडी ओंडका मी एकटीने, लाकडी पहारेच्या आधाराने लोळवून पाचरीखाली आणला. चार फटक्यांत त्याचे पाच तुकडे झाले. मला रडूच आलं.

पाच तासांनी ऑइल बदललं. जुनं तेल उन्हात धरलं तर खरंच चांदीसारखी चमक होती.

पाचोळा (१९ एप्रिल)

धागा वर काढते आहे. आज पहिल्यांदा सुरू केलं. दुसऱ्या झटक्याला सुरू झालं, पण इंजिन एका लयीत चालत नाही. आवाज चढतो, पडतो, परत चढतो. चोक (हवा कमी करणारी झडप) अर्धा लावला की नीट चालतं. नोव्हेंबरात टाकीत स्टॅबिलायझर घातला होता.

वंगण (१९ एप्रिल)

अर्ध्या चोकवर नीट चालतं, म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय. पायलट जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं सगळ्यांत बारीक भोक, तुंबलाय. स्टॅबिलायझर घातल्यावर इंजिन दहा मिनिटं चालवलं होतं का? की टाकीत ओतून तसंच ठेवलं?

पाचोळा (१९ एप्रिल)

तसंच ठेवलं. कॉकही बंद केला नव्हता, बर्फ अचानक आला.

वंगण (१९ एप्रिल)

मग टाकीत औषध आणि कार्ब्युरेटरमध्ये जुनंच पेट्रोल, असं झालं. घाबरू नका. कॉक बंद करा, स्पार्क प्लगची वायर काढा. वाटीचा बोल्ट सोडा, खाली भांडं धरा. पायलट जेट बहुधा वरच्या बाजूला, आयडल स्क्रूच्या शेजारी छोट्या प्लॅस्टिकच्या टोपीखाली असतो. काढण्यापूर्वी फोनवर फोटो घ्या. कार्ब क्लीनर मारा, उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का बघा. दिसत नसेल तर तांब्याच्या वायरची एक बारीक तार घाला. सुई किंवा ड्रिल नको, भोक मोठं झालं की जेट वाया गेला.

पाचोळा (२१ एप्रिल)

झालं! उजेडाकडे धरला तेव्हा काहीच दिसत नव्हतं. जुन्या दिव्याच्या वायरमधली एक तार घातली, हिरवट कण बाहेर आला, आणि टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसला. आता इंजिन एका सुरात चालतंय.

आज उरलेला ओक संपवला. एक विचारायचं होतं, सोबत चार पात्यांची पाचर मिळाली आहे. ती लावू का?

वखारवाला (२१ एप्रिल)

दहा-बारा इंची सरळ ॲशला लावा, एका फेरीत चार फाटे मिळतील. ओकच्या गाठाळ तुकड्यांना काढून ठेवा, तुमच्या सिलिंडरला तेवढा जोर नाही. आणि रांगेवर तारीख घालायला विसरू नका, दोन वर्षांनी सगळ्या रांगा सारख्याच दिसतात.

पाचोळा (२२ एप्रिल)

घातली. टोकाच्या ढलपीवर खडूने, आणि पावसाने पुसली जाईल म्हणून नवऱ्याने खाली पत्र्याची पट्टी ठोकली. त्याच्या खांद्याला तेवढं जमतं आता.